आत्याच्या शेजारची जागा

फोटोचं दुकान चालवणाऱ्या रुद्राणीचा राग सोनपेठच्या बसस्थानकामागच्या अख्ख्या गल्लीला माहीत होता. गेला महिनाभर तो एकाच माणसावर होता, तिच्या नवऱ्यावर. रुद्रेशने एका बारशात तिचा कॅमेरा हातात घेतला, ऑटोफोकस चालू असतानाच लेन्सची रिंग करकचून फिरवली आणि आतली बारीक दातेरी चाकं मोडून ठेवली. लेन्स दुरुस्त होऊन कालच परत आली होती.

"आधी बटण एमवर, म्हंजी मॅन्युअलवर, मग रिंग," जेवायला वाढतानाही ती त्याला ऐकवत होती. "मोटारीनं रिंग धरलेली असती. धरलेल्या रिंगला पिळलं की आत तुटणारच. इतकं बी कळंना व्हय?"

रुद्रेश बिचारा खाली मान घालून भाकरी मोडत होता.

तेवढ्यात फोन वाजला. शाळेतली मैत्रीण महानंदा गोदाकाठच्या गावातून बोलत होती. "आत्या गेली गं. दिवस मावळायच्या आत नेणार हायेत. मला तिच्यासंगं एक फोटो पायजे, एकच. मोबाईलवर काढले ते समदे धुरकट यायलेत."

रुद्राणीने हातातली भाकरी तशीच ठेवली आणि स्कूटी काढली.

शिवकांताआत्याने आई नसलेल्या महानंदाला लहानाचं मोठं केलं होतं. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं तशी ती भावाच्या, म्हणजे महानंदाचे वडील मन्मथअप्पांच्या घरी आली आणि चाळीस वर्षं मरमर राबली. घरात लग्न असो, बारसं असो, फोटोची वेळ आली की अप्पा म्हणायचे, "अक्का, जरा बाजूला सरक." अक्का सरकायची. दोन वर्षांपूर्वी महानंदाचा नवरा वारला, तीही माहेरी आली, आणि बाजूला सरकणाऱ्या दोघी झाल्या. ज्या समाजात इष्टलिंग बाईच्या गळ्यातही पुरुषाइतक्याच मानाने बांधतात, नवरा गेला तरी ते उतरवत नाहीत, त्याच समाजातलं हे घर. रोज शिवाचं नाव घेणारं. आत्याचा धड असा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा, आणि तो तिचा आहे हे नाव वाचूनच कळायचं. रस्ताभर रुद्राणी हेच आठवून धुमसत होती.

ओसरीत आत्याला रीतीप्रमाणे बसवलं होतं. आंघोळ घातलेली, कपाळभर विभूती, भिंतीला टेकून मांडी घातलेली, डाव्या तळहातावर लिंग. टाळ चालू होते. मागच्या वावरात समाधीचा खड्डा खणत होते, त्या ओल्या मातीचा वास उदबत्तीलाही दाबून आत येत होता. चारच वाजले होते, पण ओसरीत उजेड कमी होता.

रुद्राणीने स्टँड उभा करून बटण अर्धं दाबलं. लेन्स घुर्र करत पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. आत्याच्या चेहऱ्यावर काही ठरेना. 'दुरुस्त करणाऱ्यानं फसवलं मेल्यानं,' ती पुटपुटली. मोटार थांबू दिली, लेन्सवरचं बटण एमवर सरकवलं आणि पडद्यावर चेहरा मोठा करून हलक्या हाताने रिंग फिरवू लागली. पापणीवर पडलेल्या विभूतीचा कण न् कण स्वच्छ दिसला.

महानंदा येऊन आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"महानंदा, बाजूला सरक," अप्पा म्हणाले. "भिंतीला लागणारा फोटो हाय. त्यात तू नकोस."

ती उठली. मागे माजघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आणि रुद्राणीच्या बोटांखाली रिंग फिरली.

तिने फिरवली नव्हती. आत्याचा चेहरा हळूहळू विरघळला आणि मागे दारातल्या महानंदाच्या डोळ्यांतलं पाणी लख्ख दिसू लागलं. तिने वाकून बटण पाहिलं. एमवरच होतं. एमवर मोटार रिंगला हात लावत नाही. तिने रिंग परत आणली, आत्या दिसली... आणि रिंग पुन्हा सरकली. रिंगला घाई नव्हती.

"अजून आत जा," अप्पा मुलीला म्हणाले. "तुझी सावली यायली."

महानंदा माजघराच्या अंधारात गेली. उघड्या डोळ्यांना आत काहीच दिसत नव्हतं. रिंग अजून थोडी फिरली, आणि पडद्यावर त्या काळोखात महानंदाचे दोन डोळे दिसले, पापणीच्या केसांसकट.

टाळ थांबले होते, की तिलाच ऐकू येत नव्हते... रुद्राणीने रिंग घट्ट धरली. पलीकडूनही कुणीतरी धरलेली होती. शांतपणे, जात्याचा खुंटा धरावा तशी. धरलेल्या रिंगला पिळायचं नसतं, हे तिच्याइतकं गावात कुणाला माहीत होतं? तिने बोटं सोडली. भीती वाटली, पण भीतीच्या वर राग आला.

"अप्पा, महानंदा तिथं बसल्याबिगर ह्यो फोटो निघणार न्हाई."

"मशीन बिघडलं का तुझं?"

"मशीन चांगलं हाय. चाळीस वर्सं बाईला बाजूला सारलंत. आता तिच्यासमोर तिच्या लेकीला सारायलात. लाज वाटू द्या जरा."

महानंदा स्वतःच बाहेर आली, आत्याला खेटून बसली आणि उठली नाही. रिंग सावकाश परत आली, दोघींवर थांबली. अप्पा रागाने लालबुंद झाले, पण घरच्या फोटोत आपण नाही म्हणजे काय, म्हणून टोपी नीट करून आत्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. रुद्राणीने तीन फोटो घेतले.

संध्याकाळी दुकानात तिने ते मोठे करून पाहिले. आत्या स्वच्छ, महानंदा स्वच्छ. अप्पांच्या टोपीची घडी स्वच्छ, सदऱ्याची गुंडी स्वच्छ. टोपी आणि गुंडीच्या मधे चेहरा नव्हता. नुसतं धुरकट.

"हलले असतील," रुद्रेश म्हणाला.

"तिन्ही फोटोत? अन् टोपी न्हाई हलली? एका वळीत बसलेली तीन माणसं. दोघं नीट येतेत अन् तिसऱ्याचं निस्तं तोंड जातं, असं लेन्सला जमतच न्हाई."

महानंदा येऊन आपला फोटो घेऊन गेली. दोघींचाच, बाकीचा भाग कापून. अप्पा आले ते नवव्या दिवशी, भरदुपारी, एकटे. आत येऊन त्यांनी दुकानाचं दार लोटलं. भांडायला आले असणार म्हणून रुद्राणीने मान खाली घालूनच उत्तर जुळवायला घेतलं.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तुझ्या लेन्सीत खराबी हाय ना?"

"न्हाई."

"हाय म्हण गं..."

"न्हाई, अप्पा. पुन्हा तपासून आणली. बिलकुल नीट हाय."

अप्पांनी डोक्यावरची टोपी चाचपली.

"मग घरच्या आरशात बी... तसंच दिसायलंय. टोपी दिसती. टोपीच्या खाली... न्हाई काई."

रुद्राणीने मान वर केली. टोपीच्या खाली फोटोतल्यासारखंच नुसतं धुरकट होतं, आणि उत्तर देताना तिला त्यांच्या टोपीकडेच बघत राहावं लागलं.