मसुद्यांतला माणूस

नाउता गावातल्या इंटरनेटच्या दुकानात एकच संगणक धड चालत होता, आणि त्यावर सोराइदा बसली होती. मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. ओल्या कपड्यांचा वास आला, म्हणून तिनं वळून पाहिलं.

पांढरी टोपी, हसरे डोळे, आणि सदरा नुसता निथळतोय… बाहेर तर रखरखीत ऊन.

"सावकाश होऊ दे," तो म्हणाला. "मला घाई नाही."

"मग मानेवर श्वास कशाला सोडतोस?"

"तू वळून बघावंस म्हणून."

सोराइदा मावशीबरोबर नदीकाठच्या गावांतून कापड विकत फिरायची, आणि गावागावांतली मागणी इक्वितोस शहरातल्या पेढीला ईमेलनं कळवायची. उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं, तोच धक्क्यावर लाँचचा भोंगा वाजला आणि ही बया खातं तसंच उघडं टाकून धावत सुटली.

रेकेनाला पोचून तिनं खातं उघडलं, तर मसुद्यांत एक न पाठवलेलं पत्र. तिनं न लिहिलेलं.

"खातं उघडं ठेवून गेलीस. एकच पत्र वाचलं, छिटाच्या कापडाच्या दरांचं. झोप आली. आणि पासवर्ड टाइप करताना तुझे ओठ हलतात, तो मला कळलाय. बदल. – एलेउतेरियो."

बदलायला हवा होता की नाही? हिनं नाही बदलला. खाली लिहिलं, "चोरा, कुठे आहेस?"

पुढच्या गावी उत्तर तयार. "तुझ्या पुढे."

मग हेच सुरू झालं. एकच मसुदा, कुणी कुणाला न पाठवलेला, गावागणिक लांबत गेला. तो चिडवायचा, ही भांडायची, आणि हॅमॉकमध्ये पडल्या पडल्या एकटीच हसायची. जीव जडला होता, दुसरं काय.

ओरेयानाला मसुद्यात होतं, "कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून लिहितोय. ओली झालीय, रागावू नकोस."

"सकाळी इथं कोण आलं होतं?" तिनं दुकानदारबाईंना विचारलं.

"कोण येणार, पोरी? वीज आत्ता आली. दार तुझ्यासाठीच उघडलं."

सोराइदानं कोपऱ्यातल्या खुर्चीला हात लावला. ओली होती. बोटांना नदीचा वास आला.

मावशीला सांगितलं, तर तिचा चेहरा पांढराफटक.

"पांढरी टोपी? आणि अंगावर पाणी? बुफेओ आहे तो. नदीतला गुलाबी डॉल्फिन. माणूस होऊन येतो नि पोरींना पाण्याखाली नेतो. माझी मैत्रीण अशीच गेली. बदल तो पासवर्ड. माझ्यासमोर."

तिनं बदलला. ओठ घट्ट मिटून.

लाँच सुटली आणि तिच्या लक्षात आलं, की त्याचा पत्ताच आपल्याकडे नाही. तो होता तो फक्त आपल्या मसुद्यांत, आणि तिथं आपणच कुलूप घातलं. भीती होतीच, पण हे जास्त बोचत होतं. ती तोंड फिरवून रडली.

कोंतामानाला उतरल्या उतरल्या ती संगणकाकडे धावली, जुना पासवर्ड परत घालायला. मसुद्यात एक ओळ वाढली होती. कुलूप घातल्यानंतरच्या तारखेची.

"दार लावलंस, बरं केलंस. एवढं सांगायला आलो. आता नाही येणार."

अंगावर सरसरून काटा आला. कसा आला हा आत… तरी बोटं थांबेनात. "मला तुझी भीती वाटते. आणि तू मला हवा आहेस. मी पाण्याखाली येणार नाही. तूच वर ये. कायमचा." आणि वीज गेली. पडदा काळा झाला, लिहिलेलं सगळं पुसलं गेलं.

ती सुन्न होऊन धक्क्यावर आली. शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, तो बसला होता.

"कायमचा म्हणालीस," तो हळूच म्हणाला. "नक्की ना?"

ते पत्र तर कुठेच पोचलं नव्हतं. तरी सोराइदा पायऱ्या उतरून त्याच्याजवळ गेली. तिनं हात पुढे केला. त्याचा हात गार होता, निसरडा होता. तिनं तो घट्ट धरला आणि त्याला वर ओढलं.