चौथ्या मजल्यावरचं जळण

भरल्या पोटी कुणालाही हो म्हणू नये, असं आई मला लहानपणापासून सांगायची. भरल्या पोटी माणूस मऊ पडतो, समोरचा प्रत्येक जण भला दिसायला लागतो, आणि मग पुढे जन्मभर निस्तरत बसावं लागतं. मी ते हसण्यावारी न्यायचे. माझं पहिलं लग्न ठरलं तेच मुळी जेवणाच्या टेबलावर. मधे रस्सा उकळत होता आणि वाफेच्या पलीकडे तो फारच देखणा दिसत होता... पुढे लेकीला, दोउदोउला, कडेवर घेऊन मी ह्वालिएन शहरात आईकडे कायमची परत आले, तेव्हा आईने एवढंच विचारलं, “त्या दिवशी नेमकं किती जेवली होतीस?”

तरीही त्या सप्टेंबरात मी छंगकोंग बंदरावरच्या ‘खात-खात पळा’ शर्यतीला गेले. नाव मी दिलं नव्हतं, ऑफिसातल्या मैत्रिणींनी परस्पर दिलं होतं. मुलगी झोपली तरी तिचा श्वास चालू आहे का ते बघत बसतेस, एक दिवस तरी मोकळी हो, असं त्यांचं म्हणणं. दोउदोउ तेव्हा चार वर्षांची होती. निघताना मी आईला बजावलं — द्राक्षं अख्खी द्यायची नाहीत, बाल्कनीचं दार लावून ठेवायचं, आणि ती गप्प बसली असेल तर आधी जाऊन बघायचं. आई म्हणाली, तुलाही मीच वाढवलंय.

या शर्यतीत पहिलं कोण आलं, हे कुणी विचारत नाही. काय काय खाल्लंस, ते विचारतात. बंदरापासून गावागावांतून रस्ता जातो आणि दर वळणावर टेबल मांडून बायका उभ्या असतात. कुठे माशाच्या गोळ्यांचं गरम सूप, कुठे बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात, कुठे बर्फात ठेवलेली सीताफळं, आणि देवळाच्या अंगणात राळ्याच्या दारूचा इवलासा पेला. न खाता पुढे गेलात तर त्या एप्रनसकट मागे पळत येतात — आणि पळणाऱ्यांपेक्षा त्याच जास्त जोरात पळतात.

मला कुणाला नको म्हणता येत नाही. शिवाय प्रत्येक टेबलापाशी थांबून मी घरी फोन करत होते. त्यामुळे दुसरं देऊळ येईपर्यंत माझ्या मागे फक्त एक छोटा निळा ट्रक उरला होता. माझ्याच चालीने, घुरघुरत येत होता. वर कापडी फलक होता : मागे राहिलेल्यांसाठी.

“मॅडम, बसा. रस्ता मोकळा करायचाय,” खिडकीतून आवाज आला.

“मी पळतेय,” मी म्हणाले. माझ्या दोन्ही हातांत सीताफळाच्या फोडी होत्या.

“पळताय होय... मला वाटलं, बाजाराला निघालात.”

मी वळून बघितलं. उन्हाने रापलेला चेहरा, खिडकीवर टेकलेला कोपर, आणि हसू दाबल्यामुळे थरथरणाऱ्या मिशा. तोंडात सुपारी नव्हती, हे मी आधी बघून घेतलं. एकटीने मूल वाढवणाऱ्या बाईचे डोळे असेच चालतात, काय करणार...

बसणार नाही, असं मी ठणकावून सांगितलं. मग तो शेवटपर्यंत माझ्या मागे येत राहिला. त्याला घाई नव्हती म्हणे. फक्त पुढच्या टेबलावर त्याची मावशी होती, आणि तिथले माशाचे वडे मी संपवले तर त्याला उरणार नाहीत, एवढीच काळजी होती. मी मुद्दाम दोन जास्तीचे खाल्ले. एक उरला, तो कागदात गुंडाळून खिडकीतून त्याच्या हातात दिला. बोटं जराशी लागली... तेलकट होती. त्याचीही, माझीही.

मी पोचले तोवर लोक शर्यतीच्या शेवटाची कमान उतरवत होते. मैत्रिणी दक्षिणेला गरम पाण्याच्या झऱ्यांवर निघून गेल्या होत्या आणि उत्तरेला घरी जाणारी माझी बस सुटली होती. किनाऱ्याच्या त्या रस्त्याला रेल्वे नाही. तेव्हा निळ्या ट्रकवाल्याने सांगितलं, की तंबू आणि भाड्याच्या खुर्च्या त्याला ह्वालिएनलाच पोचवायच्या आहेत. त्याचं नाव लेकाल. मीही माझं सांगितलं, पेईशान.

पोट तुडुंब भरलेलं होतं. मी हो म्हणाले.

पण आधी ट्रकच्या नंबराचा फोटो काढला, मग त्याच्या लायसनचा, मग त्याचा. तिन्ही आईला पाठवले, मैत्रिणींनाही पाठवले. रागावला नाही तो. टोपी काढून केस चापून बसवले आणि म्हणाला, “आणखी एक काढा. माझे डोळे मिटले होते.”

उत्तरेला जाताना समुद्र माझ्या खिडकीला होता. निळा नव्हे... दूर जिथे सर कोसळत होती तिथे राखाडी, आणि आमच्याजवळ उन्हात हिरवागार. रस्ता डोंगराला बिलगून वळत होता. मागे खुर्च्या खडखडत होत्या. प्रत्येक वळणावर लेकालचा उजवा हात आपोआप माझ्यापुढे आडवा यायचा — मला न लागता, नुसता हवेत — आणि वळण संपलं की परत जायचा. असा हात मी तोपर्यंत फक्त आयांचा बघितला होता.

म्हणूनच असेल, मी घाईने सांगून टाकलं. दरडीपाशी धोक्याची पाटी लावतात तसं.

“मला एक मुलगी आहे. चार वर्षांची.”

त्याने पुढचं वळण घेतलं. मग म्हणाला, “मासा काट्यासकट खाते, की काढून द्यावे लागतात?”

“काढून.”

“मग जेवायला वेळ लागत असेल...” एवढंच बोलला, आणि त्याने काच वर केली, कारण सर आमच्यापर्यंत आली होती.

छांगपिनच्या पुढे भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत उतरतात. तिथे एका वाडीपाशी त्याने गाडी आत घेतली. शर्यतीच्या टेबलांवरचे उरलेले मासे आईला द्यायचे होते. लेकालच्या आदिवासी जमातीत आईला इना म्हणतात. खरं तर गावातल्या कुठल्याही मोठ्या बाईला इनाच म्हणतात. लेकालची इना माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायांत रबरी बूट. दारातल्या नीरफणसाच्या झाडाखाली तिने मला बसवलं आणि विचारायच्या आत सुक्या मासळीत शिजवलेल्या नीरफणसाचं सूप पुढ्यात ठेवलं. माझ्या पोटात जागा नव्हती. पण ती समोरच बसली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि प्रश्न सुरू झाले.

घर कुणाचं? आईचं? किती खोल्या? वरचं छत सिमेंटचं की पत्र्याचं, गळतं का? स्वयंपाक कोण करतं? आई रागीट आहे का गं, पोरी?

एकेका प्रश्नागणिक माझा चमचा मंदावत गेला. हे मी एकदा ऐकलेलं होतं. पहिल्या लग्नाआधीही मला असंच जोखलं होतं, आणि मग दोउदोउ झाली तेव्हा त्या घरातल्या कुणी पाळण्यात वाकून बघितलंसुद्धा नव्हतं. आता तर मी एकटी नव्हते. माझ्याबरोबर एक लेकरू होतं, त्याला नव्या घरात कुठल्या कोपऱ्यात बसवतील... अर्धं सूप तसंच ठेवून मी उठले.

ट्रकमध्ये मी तोंड फिरवून बसले. हात आडवा आला, गेला. पुन्हा आला. शेवटी त्याने विचारलंच, काही चुकलं का.

“तुमच्या आईला सांगा,” मी म्हणाले, “मी कुणाच्या घरी नांदायला येणार नाही. माझी मुलगी दुसऱ्याच्या घरात ‘बरोबर आलेली’ म्हणून जेवायला बसणार नाही. आणि... तुम्ही मला असलं काही विचारलेलंही नाही, हे कळतंय मला.”

लेकालने ट्रक कडेला घेतला आणि हसायला लागला. स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होता. मग त्याला माझे डोळे दिसले, आणि तो एकदम थांबला.

“आमच्यात मुलगी नाही जात कुणाकडे,” तो हळूच म्हणाला. “मुलगा जातो, बायकोच्या घरी. आता शहरातले सगळेच काही पाळत नाहीत, पण इनासाठी जग अजून तसंच आहे. ती तुला जोखत नव्हती. तिचा मुलगा कुठे झोपेल, अंगावर पाणी गळेल का, सासू खाष्ट तर नाही ना... ते बघत होती.”

खिडकीवरून पाण्याचे ओघळ उतरत होते.

“म्हणजे... घरजावई?”

“आमच्या वाडीत नुसतं जावई म्हणतात. दुसऱ्या प्रकारचा नसतोच.”

“मग... काय ठरवलं त्यांनी?”

“छत बरं आहे म्हणाली. पण मुलीला भूकच नाही.”

सकाळपासून सगळा किनारा खाऊन आलेली मी... मला हसू आवरेना, आणि रडूही. तो नुसता समोर बघत बसला, वायपर चालू ठेवून. आपण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी आलो, हे त्यालाही कळलं नसावं.

त्यानंतर दर आठवड्याला त्याला ह्वालिएनला खुर्च्या पोचवायच्या असायच्या. एवढ्या खुर्च्यांवर बसतं तरी कोण, असं आईने विचारलं. तो दारात बूट काढायचा, हात धुवायचा, आणि दोउदोउच्या ताटलीतल्या माशाचे काटे एकेक करून वेगळे ठेवायचा. मी दुसऱ्या खोलीतून बघत असायचे. तिने स्वतः हात वर केल्याशिवाय त्याने तिला एकदाही उचललं नाही. हेही मी बघत असायचे. आईला तो आवडायला लागला होता, पण लोक काय म्हणतील, बायकोच्या घरी राहणारा पुरुष कसला, ही भुणभुण काही संपत नव्हती. माझी भीती निराळी होती, आणि ती मी बोलून दाखवत नव्हते.

मग थंडीतल्या एका सकाळी बेल वाजली. आमचा जिना चार मजल्यांचा, लिफ्ट नाही. दारात लेकाल, घामाने निथळत, पाठीवर वेताने बांधलेली मोळी. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली, वाळूने घासून गुळगुळीत झालेली लाकडं. मोळी त्याने उंबऱ्याबाहेर ठेवली.

आई बघतच राहिली. मग म्हणाली, “आमच्याकडे गॅस आहे.”

“माहीत आहे, काकू,” तो म्हणाला. “पण मला दुसरं कसं विचारायचं ते येत नाही.”

त्याच्या आजोबांनी असंच आजीच्या दाराशी जळण आणून टाकलं होतं. घरात घेतलं तर होकार. दारातच पडून राहिलं तर मुलगा येऊन मुकाट्याने परत उचलून न्यायचा. हे सगळं सांगून तो एक पायरी खाली उतरून उभा राहिला. माझ्याकडे बघत... पण वर न येता.

माझ्या तोंडून तीच भीती निघाली.

“उद्या तुला वाटलं, की ही आपली नाही... तर?”

लेकालने दोउदोउकडे बघितलं. ती माझ्या पायाला धरून मोळीतली वाळू टोकरत होती.

“आमच्यात घर मुलीला जातं,” तो म्हणाला. “काकूंचं तुला, तुझं हिला. बरोबर आलेला मीच असेन, पेईशान. तिने राहू दिलं तर.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी लसणाची फोडणी देत होतं. दोउदोउने मोळीतलं सगळ्यात लांब लाकूड ओढलं. ते तिच्याहून उंच होतं, चौकटीला अडकलं. ती चिडली, आणखी जोर लावायला लागली... मी वाकून दुसरं टोक उचललं.

आम्ही ते आत नेलं. मागून आई पुटपुटत होती, एवढी लाकडं ठेवायची कुठे. पण पुटपुटता पुटपुटता तिनेही दोन उचलली होती.

आता लेकाल इथेच असतो. बाळ झालंय, मुलगा, अजून मान धरत नाही. दोउदोउ त्याच्या पाळण्याशी पहारा देते आणि श्वास चालू आहे का ते बघते. ही सवय कुणाची, ते सांगायला नको.

पण मला झोप लागत नाही ती इनामुळे. तिच्या हिशेबाने मुलगा जायचाच असतो, तिने तो हसत दिला. तिच्याजवळ राहायची ती तिची मुलगी काटिंग. पण काटिंग उत्तरेला कारखान्यात कामाला आहे, सुगीच्या सणालाच येते. म्हणजे माझं घर भरलं आणि तिथे इना एकटी उरली. लेकाल सुटीच्या दिवशी जातो. मधले दिवस ती फोन उचलत नाही — ऐकू येत नाही, की शेतात असते, की आणखी काही... उचललाच तर म्हणते, जेवले. काय जेवलीस विचारलं की फोन ठेवते. एवढ्याशा बाळाला घेऊन मला त्या वळणांवरून जाता येत नाही.

तुम्ही कधी त्या रस्त्याने गेलात, तर खाचरं समुद्राला भिडतात तिथे जरा आत वळा. नीरफणसाचं झाड आणि शेजारी निळा पत्रा. मी पाठवलंय असं सांगू नका, तिला राग येईल. पाणी हवंय म्हणा. ती तुम्हाला बसवेल, वाढेल, तुमच्या घराचं छत गळतं का तेही विचारेल. तुम्ही खाऊन घ्या. फक्त, खाताना एवढं बघाल का... तिच्या पुढ्यातही वाडगा आहे ना?