पिवळी तार

चौसाळ्यात हमरस्त्याला लागून ईश्वरप्पांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. दुकानामागं राहतं घर, आणि दुकानाच्या डोक्यावर, पत्र्याखाली, त्यांच्या थोरल्या मुलीचा कॉम्प्युटर क्लास. अंबाजोगाईला पदविका करून आलेल्या ईश्वरीनं तो दोन हजार एकच्या दिवाळीला सुरू केला होता. पाच लहान मशीन, आणि त्या पाचांचा भार वाहणारं कोपऱ्यातलं एक मोठं. ते चाललं तर पाचही चालणार, ते बसलं तर सगळा क्लास बसणार.

पुढच्या मे महिन्यात दुपार चढली की ते मोठं मशीन रोज आपोआप बंद पडायला लागलं. आधी पडदा थिजायचा, मग काळा व्हायचा. शिकायला आलेली माणसं हात मांडीवर ठेवून ईश्वरीकडं बघत राहायची. एकदा तिनं कडेचं झाकण काढून आत हात घातला, तर तापल्या तव्याला लागावा तसा चटका बसला. आतली हवा बाहेर पडायला धड वाटच नव्हती. जून लागताच सरकारी कोर्सची परीक्षा होती. परीक्षा चालू असताना मशीन बसलं तर केंद्र जाईल, असं तिला तोंडावर सांगितलं गेलं होतं.

तिच्याबरोबर शिकलेला भारत बीडला सुटे भाग विकायचा. त्याच्याकडून तिनं तीन पंखे मागवले. तळहातावर मावतील एवढे, चौकोनी चौकटीत बसवलेले. एसटीच्या कंडक्टरबरोबर पुडकं आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीन उघडून फरशीवर बसली. अडचण एकच होती. डब्यातल्या पंख्यासाठी बोर्डावर जागा होती एकाचीच. तीन बारीक पिना, बस.

ईश्वरप्पा जिना चढून बघायला आले. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"एका जागी तिन्ही लावणार?" त्यांनी विचारलं. "झेपंल का त्याला? एका डीपीवर जास्तीच्या मोटारी टाकल्या की काय व्हतंय, बगितलंस न्हवं? डीपीच उडती."

"तिन्ही न्हाई टाकणार त्याच्यावर, अप्पा."

पंख्याच्या पाठीवर तो किती वीज ओढतो ते छापलेलं असतं. तिघांची बेरीज बोर्डाच्या सोसण्याच्या अगदी काठाशी येत होती. शिवाय फिरायला लागताना पहिल्या झटक्यात पंखा जास्तच ओढतो, हे मोटारींच्या दुकानात वाढलेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. म्हणून तिनं तिघांच्याही लाल आणि काळ्या तारा थेट वीजपुरवठ्याच्या डब्यातून येणाऱ्या जाड प्लगवर नेल्या. राहिल्या पिवळ्या. पिवळ्या तारेतून पंखा फिरत नाही; तो किती वेगानं फिरतोय एवढंच ती बोर्डाला कळवते. तिघांनी एकदम कळवलं तर बोर्डाचा गोंधळ होतो. तिनं दोन पिवळ्या तारा कापून टोकं चिकटपट्टीनं बांधली. मागच्या पंख्याची तेवढी एक पिवळी तार त्या पिनांवर बसवली.

नीलाबाई, तिची आई, तेव्हा मशीनच्या मागंच भिंतीला टेकून बसली होती. तिला पुष्कळ वर्षांचा दमा. कूलर फक्त वरच्या खोलीत, म्हणून उन्हाळ्यात सकाळचं काम आवरलं की ती एकेक पायरी चढत वर यायची आणि त्याच कोपऱ्यात बसायची. तिच्या छातीतली शिट्टी क्लासमधल्या सगळ्यांच्या ओळखीची झाली होती.

मशीन सुरू झालं. मागच्या जाळीतून वारा आला आणि नीलाबाईच्या पदराचं टोक हललं.

"येतोय गं… वारा," ती म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "बरं वाटायलं… जिवाला."

त्या दिवशी मशीन बंद पडलं नाही. त्यानंतरही पडलं नाही. आणि त्याच आठवड्यात नीलाबाई कधी नव्हे ती आडवी होऊन झोपायला लागली. एरवी उशांची उतरंड रचून, बसल्या बसल्या रात्र काढणारी बाई. तोंडात मारायचा औषधाचा फवारा फळीवर तसाच पडून राहिला. ईश्वरप्पांनी लिंगपूजेला बसताना डोळे पुसलेले ईश्वरीनं पाहिले. कूलरचा गारवा मानवला असेल, असं ती समजली. लिंबागणेशच्या एका डॉक्टरनं दिलेल्या नव्या गोळ्याही होत्याच.

मशीनचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा म्हणाल्या सत्यशीलाबाई. त्या झेडपीच्या शाळेत शिकवायच्या आणि दुपारी टायपिंगला यायच्या.

"मॅडम, याला धाप लागलीय का हो?" त्यांनी हसत विचारलं.

ईश्वरीनं कान दिला. पंख्यांच्या घुंघुंमागं एक बारीक शिट्टी होती. चढायची, अडखळायची, उतरायची. नवीन पंख्याचं बेअरिंग कोरडं निघतं कधी कधी. तिनं क्लास सुटल्यावर तेलाचा थेंब सोडला. शिट्टी गेली नाही.

मग तिनं पडद्यावर पंख्याच्या वेगाचा आकडा लावून ठेवला. आकडा स्थिर राहायला हवा होता. तो वर जात होता आणि खाली येत होता, वर आणि खाली, एका लयीत. वीज कमीजास्त होत असेल म्हणून तिनं मीटर लावला. मीटरचा काटा बारा व्होल्टवर खिळ्यानं ठोकल्यासारखा उभा. वीज स्थिर आणि पंखा मात्र हेलकावे खात होता. तिनं पंखा बदलून पाहिला. दुसऱ्याची कापलेली पिवळी तार सांधून, ती जोडून पाहिली. आकड्याची लय तीच.

शेवटी तिनं वहीच्या कागदाची एक पट्टी कापून मागच्या जाळीवर चिकटवली. हा पंखा हवा बाहेर टाकतो. पट्टी बाहेर उडत राहायला हवी.

पट्टी बाहेर उडाली. मग सैल पडली. मग आत ओढली जाऊन जाळीला चिकटली.

पुन्हा बाहेर.

ईश्वरी गुडघ्यांवर बसून बघत राहिली. असा पंखा उलटा फिरत नाही. पाती उलटी फिरतही नव्हती. ती एकाच दिशेनं, एकसारखी फिरत होती. तरी कागद आत जात होता.

तेवढ्यात पडद्यावरचा आकडा भराभर चढायला लागला. शिट्टी मोठी झाली. कागद फडफडायला लागला, आत-बाहेर, आत-बाहेर. आणि तिला जिन्यावर पावलं ऐकू आली. सावकाश नाही, झपाझप चढणारी.

नीलाबाई दारात उभी राहिली. हातात धान्याचं सूप होतं.

"ईशू, खाली भिवराबाई आलीय, तिच्या लेकीचं जमलंय म्हणं केजला, पेढे घिऊन आलीय, तू तोंड तरी दाखव की माय," ती म्हणाली. एका दमात. पंचवीस पायऱ्या चढून, सूप हातात घेऊन, मधे कुठंही न थांबता.

ईश्वरीच्या मागं मशीन धापा टाकत होतं.

संध्याकाळी ईश्वरीनं वडिलांना दुकानात गाठलं. जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. ईश्वरप्पा मोटारीचं वायंडिंग तपासत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"मग?" ते म्हणाले.

"मग म्हंजे? अप्पा, हे बरं न्हाई. मी ते पंखे काढते."

"कावून काढतीस?"

ईश्वरप्पांनी मान वर केली.

"लगीन झाल्यापासनं मी तिला शांत झोपलेलं बघितलं न्हाई. आता झोपायली. तुझ्या यंत्राला धाप लागली तर लागू दे. यंत्रच हाय ते."

परीक्षाही तोंडावर होती. परीक्षा झाली की काढू, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि तेवढे दिवस कोपऱ्याकडं पाठ करून शिकवलं. शिट्टी आता आधीसारखी बारीक राहिली नव्हती. कधी कधी आतून घर्रकन आवाज यायचा आणि बराच वेळ काहीच यायचं नाही. तेव्हा ईश्वरीचा खडूचा हात फळ्यावर थांबायचा. मग पंखे पुन्हा लागायचे, आणि तिच्या लक्षात यायचं की आपणही श्वास धरून ठेवला होता.

परीक्षा नीट पार पडली. परीक्षकांनी चहा घेतला, सह्या केल्या आणि ते गाडीत बसून गेले. ईश्वरीनं सगळी मशीन बंद केली, भिंतीवरची बटणं खाली केली आणि खोलीला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरणीला लागल्यावर ती पेचकस घेऊन वर गेली. पत्रा तडतडत होता. खालून ट्रकांची घरघर येत होती. कूलर बंद, मशीन बंद, पडदे काळे.

मागच्या जाळीवरची कागदाची पट्टी हलत होती.

बाहेर. आत.

तिनं भिंतीवरचं बटण पाहिलं. खालीच होतं. तिनं मशीनची जाड वायर भिंतीतून उपसून काढली आणि हातात धरून ठेवली.

बाहेर. आत. घरघर वाढली. आतलं काहीतरी हवेसाठी तडफडत होतं.

तिनं झाकण काढलं. तिन्ही पंखे फिरत होते. तिनं जाड प्लग उपटला. पंखे फिरत राहिले. लाल तार नाही, काळी तार नाही, कुठूनही वीज नाही, आणि पाती दिसेनाशी होतील इतकी जोरात.

एकच तार जोडलेली उरली होती. पिवळी.

ईश्वरीनं ती दोन बोटांत धरली. तार कोमट होती.

तिनं ओढली.

पाती जागच्या जागी थांबली. गरगरत, मंदावत नव्हे. एकदम. कागदाची पट्टी खाली लोंबली. खोलीत कसलाच आवाज उरला नाही.

तेव्हा कुठं तिच्या मनात आलं, की आपण काय काढलं.

"अव्वा!"

आईला हाका मारत ती जिन्यावरून अक्षरशः कोसळत खाली आली. मधलं घर ओलांडलं, स्वयंपाकघराचं दार ढकललं.

नीलाबाई चुलीपाशी पाटावर बसली होती. पुढ्यात चहाची बशी. तिनं वर पाहिलं आणि हसली.

"काय गं? पडशील की असं पळून."

ईश्वरी चौकटीला धरून उभी राहिली. रडू आणि हसू एकदम आलं. "काही न्हाई," ती म्हणाली. "बरी हाईस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय. बस, चा घे. अप्पांला म्हणलं उद्या अंबाजोगाईला जाऊन योगेश्वरीचं दर्शन घिऊन यावं, लई दिवस झाले, आता जिना चढवतोय मला, पायऱ्याबी चढवतील, तुलाबी सुट्टी हाय, भिवराबाईला बी विचारावं म्हणते, तिच्या लेकीचं जमलंय तर ओटी भरायची आसंल तिला…"

ती बोलत राहिली. आवाज सरळ, एका सुरात, कुठंही न उतरणारा. ईश्वरी पाटावर टेकली आणि ऐकत राहिली. वाक्य कधी संपतंय, आई कुठं थांबून श्वास आत घेतीय, याची ती वाट बघत होती.

मग तिची नजर बशीकडं गेली. चहा केव्हाच निवला होता. त्यावर साय धरली होती, पण ती सगळी नीलाबाईच्या समोरच्या, पलीकडच्या काठाला जाऊन साचली होती, आणि तिथून जरासुद्धा मागं सरकत नव्हती.