छत्तीस चादरी आणि एक अंदाज

सकाळी आठ. दमट. पावसाची शक्यता नाही.

रेडिओवरचा तो गोड आवाज असं म्हणाला, म्हणून तर लाँड्रीवालीने दवाखान्याच्या छत्तीस चादरी गच्चीवर घातल्या. चारला गाडी येणार. मागच्याच आठवड्यात दवाखान्याने बजावलं होतं... पुन्हा ओल्या चादरी आल्या, तर काम दुसरीकडे.

साडेबारा. वारा ठप्प. अंगाची नुसती चिकचिक.

"आभाळ बघितलंस?" इस्त्री फिरवता फिरवता आत्या म्हणाली.

"रेडिओवाला नाही म्हणालाय."

"मग तोच येणारे का चादरी काढायला?"

एक दहा. गडगडाट!

ती जिना चढून वर पोचते तोच टपोरा थेंब नाकावर. दोन चादरी काढल्या, चार... आणि धापा टाकत एक चष्मेवाला लंबू गच्चीत घुसला. सरळ दुसऱ्या टोकाने चादरी ओढायला लागला.

"अहो, तुम्ही कोण?"

तोंडात चिमटे. "उं उं," एवढंच तो म्हणाला.

एकतीस वाचल्या. पाच चिंब. तोही चिंब. जिन्यात त्याने चिमटे तोंडातून काढले.

"माफ करा, आज अंदाज जरा..."

तो आवाज!

"तुम्ही? शक्यता-नाही-वाले?"

"समोरच्या वेधशाळेत असतो मी."

"मग असं कसं हो सांगितलंत?"

"तुमच्यामुळे."

"माझ्या?"

"यंत्रं पाऊसच म्हणत होती. पण साडेसातला खिडकीतून बघितलं, तर तुम्ही दोरी पुसत होता. म्हटलं, रोज कपडे वाळवणारी बाई चुकायची नाही. पाऊस खोडून टाकला."

"दोरी मी रोजच पुसते! चादरी तुमचं ऐकून घातल्या!"

वीज कडाडली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले... आणि तिला असं हसू फुटलं की जिन्याचा कठडा धरावा लागला.

दोन ते चार. पाऊस चालू. खाली लगबग.

पाच चादरी आत्याने इस्त्रीखाली कोरड्या केल्या. घड्या या दोघांकडे. तो दोन कोपरे धरून उभा, ती दोन. पुढे यायचं, कोपरे जुळवायचे, मागे जायचं. दर वेळी बोटाला बोट...

"त्या एकाच चादरीची तिसऱ्यांदा घडी चाललीये," आत्या म्हणाली.

चारला गाडी आली. छत्तीसच्या छत्तीस, कोरड्या ठणठणीत!

"रोज बघता खिडकीतून?" घाम पुसत तिने विचारलं.

"अंदाजासाठी... बघावं लागतं."

"काल तर तुम्हाला सुट्टी होती. रेडिओवर दुसराच कुणी बोलला."

त्याचे कान लाल झाले.

"काल — काल नुसतंच बघितलं."

दुसरा दिवस, सकाळी आठ. "आज पाऊस नक्की," तो आवाज म्हणाला.

ती जिन्याकडे निघाली.

"नक्की म्हणाला ना? मग वर काय वाळत घालायला चाललीस?" आत्याने विचारलं.

"केस!"