दहापैकी नऊ

सिग्नल लाल होता आणि मी वर्कशॉपच्या दारात हात पुसत उभी होते. एक निळी गाडी थांबली, काच खाली आली.

"एक मिनिट... तुम्हाला हा आवाज ऐकू येतोय का?"

ना ओळख ना पाळख! एरवी मी सरळ पाठ फिरवली असती. पण तो थट्टा करत नव्हता. जीव टांगणीला लागल्यासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी खिडकीत वाकले. स्पीकरमधून बारीक सूं... येत होता. त्याने उभ्या गाडीतच ॲक्सिलरेटर दाबला तसा आवाज वर चढला, पाय काढला तसा उतरला.

"येतोय की. चांगला शिट्टीसारखा."

"नक्की? ताई म्हणते, माझेच कान वाजतात."

"अहो, माझं कामच आहे हे!" मी मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. गाड्यांचे स्पीकर, अँप्लिफायर, वायरिंग — काका आणि मी मिळून बघतो.

त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. सिग्नल कधी हिरवा झाला, ते मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या तेव्हा आम्हाला कळलं.

गाडी आत घेतली. अँप्लिफायर सीटखाली होता. कुणीतरी त्याची अर्थिंगची वायर रंगवलेल्या पत्र्यावरच स्क्रूने आवळली होती. मी रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, वायर घट्ट बसवली. गाडी चालू केली. सूं गेला.

"झालं!" मी म्हटलं.

तो हलला नाही. मान किंचित कलती करून ऐकत राहिला. "अजून आहे... अगदी बारीक."

मी कान लावला. काहीच नाही. काकांना हाक मारून सगळं सांगितलं. त्यांनी डोकं आत घालून ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. ठिणगी हे त्यांनीच मला ठेवलेलं नाव. "ठिणगे, सोड. ताई बरोबर बोलते त्याची."

हळू बोलणं काकांना कधी जमलंच नाही. त्याने ऐकलं. चेहरा पांढराफटक पडला.

"मी पियानो सुरात लावतो," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "बाबाही हेच करायचे. चाळिशीच्या आत त्यांच्या कानात असाच सूं सुरू झाला. मग वरचे सूर ऐकू येईनात. घरात कुणी त्यांना सांगितलंच नाही, की पियानो बेसूर लागतायत म्हणून. लोक बोलावेनासे झाले, तेव्हा कळलं त्यांना."

माझी नजर खाली गेली आणि तिथे त्याचा फोन दिसला. गाणं लावायला एक वायर फोनमधून स्टिरिओत गेलेली, दुसरी चार्जरला. मी थबकले. अर्थिंगकडे जायला दोन वाटा मिळाल्या की दोन्ही मिळून एक फेरा तयार होतो आणि इंजिनाची कुरकुर त्या फेऱ्यातून स्पीकरमध्ये येते. ही दुसरी वाट चार्जरची तर नसेल?

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"का?"

"मिटा म्हटलं ना! आवाज आला की बोट वर करायचं. गेला की खाली."

मी त्याच्या शेजारी बसले. चार्जर दरवेळी खट्कन लावायचे — कधी पूर्ण आत, कधी अर्धवट, म्हणजे खटक्यावरून त्याला कळायला नको. एका पुठ्ठ्यावर पेन्सिलने खुणा करत होते. पहिल्यांदा बोट वर. बरोबर! दुसऱ्यांदा खाली. बरोबर. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि हा माणूस एकदाही चुकत नव्हता!

सातव्या वेळी चार्जर अर्धवट होता, म्हणजे आवाज असणं शक्यच नव्हतं. बोट वर गेलं.

मी पुठ्ठ्यावर फुली मारली. पुढच्या तिन्ही वेळा त्याचं बरोबर आलं, पण माझं लक्ष त्या एका फुलीवरून हलेना.

"किती?" डोळे उघडून त्याने विचारलं. इतक्या आशेने, की...

"दहाच्या दहा," मी म्हटलं.

तो लहान मुलासारखा हसला. मी फोनच्या वायरच्या मध्ये तो फेरा तोडणारी आयसोलेटरची छोटी डबी बसवली. "गेला, सगळा गेला," तो म्हणाला. मग माझ्यासमोरच त्याने फोन लावला. "परवाची कानाची तपासणी रद्द करा. गरज नाही आता."

गाडी निघून गेली. मी पुठ्ठा हातात घेऊन तशीच उभी. त्याच्या घरच्यांनी बाबांशी जे केलं, तेच मी त्याच्याशी केलं होतं. एका हसण्यासाठी!

दुसऱ्या दिवशी सकाळीच जॉब कार्डवरच्या नंबरवर फोन केला. तो संगीतशाळेत होता. मी गेले, तर मोठ्या खोलीत पियानोचं झाकण उघडून तो आत वाकलेला. मला बघून उजळला. मी पुठ्ठा पुढे धरला.

"दहा नव्हते. नऊ होते. सातव्या वेळी आवाज नव्हता... तरी तुम्ही बोट वर केलं होतं."

खोलीत चिटपाखरू नव्हतं. त्याचा जबडा आवळला.

"आणि तुम्ही मला तपासणी रद्द करू दिलीत."

"हो."

"मला वाटलं होतं, तुम्ही तरी..." तो पाठ फिरवून खिडकीशी गेला. मी हलले नाही. रागावला तर रागावू दे, पण पळून जायचं नाही, हे मी येतानाच ठरवलं होतं.

"सातवी वेळ," तो अचानक म्हणाला. वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "तेव्हा तुम्ही पेन्सिल दातात धरली होती?"

"असेल. तुम्हाला काय माहीत? डोळे तर..."

"उघडले होते. जरासे." तो ओशाळला. "तुम्ही घाबरला होतात, माझ्यासाठी. तसं कुणी... मी बघतच राहिलो. बोट केव्हा वर गेलं, कळलंच नाही."

मला हसू येत होतं आणि रडूही. "खरं कशावरून? सुटका व्हावी म्हणून सांगताय."

"मग तपासून घेऊ," तो म्हणाला. आवाज मात्र कापत होता. "पण एकट्याने जायचं धाडस होत नाही. येशील?"

'येशील' म्हणाला! मी त्याचा फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला. "लाव. घे उद्याचीच वेळ परत."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी वीस मिनिटं बसले. काचेच्या खोलीत तो हेडफोन लावून पाठमोरा. वीस मिनिटांत मी हातरुमालाची पार दोरी केली. दार उघडलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"डावा कान वयाच्या मानाने थोडा थकलाय," तो म्हणाला. "बाकी ठीक. काम करायला हरकत नाही."

मी रुमालाची दोरी सोडवली.

"पण दरवर्षी दाखवायला यायला सांगितलंय," तो शेजारी बसत म्हणाला. थोडा घुटमळला. "दरवर्षी... येशील?"

"येईन," मी म्हटलं. "पण खाल्ल्याशिवाय नाही. आज सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या."

त्याने माझा हात धरला, आणि जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही.