चाळीस ओळींनंतर

ही गोष्ट कोणी मानणार नाही. इथं कोंढ्याच्या तलावाच्या बांधावर, पाळीवर, माझ्यासोबत जाळी सांधत बसलेली ही मंडळीही मानणार नाहीत, आणि यांनी तर आजवर माझ्या तोंडून मगरीच्या लग्नाची गोष्टसुद्धा मुकाट ऐकून घेतली आहे.

भूपेश भंडाऱ्याचा, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्या गुरुवारी सकाळी साडेनऊला आमच्या मच्छीमार संस्थेच्या खोलीत आला तेव्हाच तो दमलेला होता. आठवड्यातलं हे त्याचं सातवं मशीन. खोलीला टिनाचं छप्पर, भिंतीला टांगलेल्या जाळ्यांचा वास आणि कोपऱ्यात संस्थेचा जुना संगणक. त्यात मशीन चालवणारं लिनक्स त्यानंच टाकलेलं. बुधवारी येऊन ते त्यानं नवं करून दिलं, सभासदांची यादीही नीट लावून दिली. गुरुवारी मशीन उठेना.

पाचच्या आत ती यादी छापून पवनीच्या कचेरीत द्यायची होती. नाही दिली तर तलावाची लीज दुसऱ्या कोणाला जाणार आणि आमचा अख्खा मोहल्ला स्वतःच्या पाण्याकडे पाळीवरून बघत बसणार. फोटो, आधार, सगळं त्याच डब्यात.

बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायच्या आणि मधेच थांबायच्या. भूपेशला त्याचं नवल नव्हतं. कर्नल म्हणजे मशीन सुरू होताना आधी स्वतः जागा होऊन बाकीच्यांना हाका मारणारा; नवा आला की कधी कधी रुसतो. त्यानं जुना कर्नल निवडला. तोही थांबला. त्याहून जुना. तोही.

"काहून उठून नाही राहिला?" संस्थेचे अध्यक्ष मोतीलाल यांनी विचारलं.

"उठते काका. डिस्क सापडत नसंल त्याले."

डिस्क सापडत होती. तपासली, धड होती. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. मोतीलालनी चहा मागवला, तो कपातच निवला. चूक दाखवणारं एक अक्षरही पडद्यावर उमटत नव्हतं.

बारा वाजता भूपेशनं कंटाळून ओळी मोजल्या. चाळीस. जुन्या कर्नलच्या मोजल्या. चाळीस. त्यानं डोळे चोळले. दोन कर्नल कधी सारखं बोलत नाहीत. एक दोनशे ओळी बोलला तर दुसरा तीनशे. पेनड्राइव्हवरून त्यानं वेगळंच लिनक्स लावलं. चाळीस. शेवटी डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. सकाळपर्यंत धड असलेला लॅपटॉप चाळीस ओळी बोलला आणि गप्प झाला. एकेचाळिसाव्या जागी ती छोटी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

बिघडलेलं मशीन तापतं, गुरगुरतं, आपणहून बंद तरी पडतं. हे स्वस्थ होतं. कोणाची तरी वाट बघत बसल्यासारखं.

"कितीवर थांबते?" मोतीलालनी विचारलं.

"चाळीसवर."

"अन् यादीत नावं किती ठेवली तू?"

भूपेशनं डिस्क परत संस्थेच्या मशीनमध्ये बसवली, स्क्रू पिळला, मग बोलला. "चाळीस. अर्जावर हयात सभासद लिहिलं होतं काका. केवळरामले जाऊन दोन वर्षं झाली ना, त्याचं नाव काढलं."

मोतीलाल रागावले नाहीत. ते नुसते खाली बसले.

आमच्याकडे वर्षाचं पहिलं महाजाळ ओढण्याआधी अध्यक्ष पाळीवर उभा राहून एकेकाचं नाव घेतो. ज्याचं नाव, तो 'हाव', म्हणजे 'हो', म्हणतो. एक 'हाव' कमी पडला तर सूर्य डोक्यावर आला तरी जाळं पाण्यातच. केवळराम दोन वर्षांपूर्वी ह्याच तलावात उतरला आणि वर आला नाही. सापडलाही नाही. न सापडलेल्याचं नाव आम्ही कापत नाही. त्याच्या नावाला त्याची बायको रेवताबाई 'हाव' म्हणते आणि त्याच्या वाट्याची मासोळी तिच्या घरी जाते. हे भंडाऱ्याच्या माणसाला कोण सांगणार होतं?

रेवताबाईला निरोप गेला. ती आली तेव्हा साडेतीन झाले होते. उंबऱ्यावरच थांबली.

"मिटवलं का त्यायचं नाव?"

भूपेशनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं बटण दाबलं. ओळी धावल्या. चाळीसवर थांबल्या.

मोतीलाल मशीनसमोर उभे राहिले, पाळीवर राहतात तसे.

"केवळराम."

पंखा फिरत होता.

"केवळराम."

भूपेशची पाठ दाराकडे होती. त्याला वाटलं आपल्याला झोप हवी आहे, दोन दिवसांची.

मागून आवाज आला.

"हाव."

घोगरा, बसलेला. रडून रडून बाईमाणसाचा गळा होतो तसा.

एकेचाळिसावी ओळ उमटली. मग बाकीच्या, भरभर, नेहमीसारख्या. भूपेशनं काही न विचारता केवळरामचं नाव परत यादीत टाकलं आणि छापलं. पाचला वीस कमी असताना मोतीलाल पवनीच्या कचेरीत उभे होते. तलाव आमचा राहिला, आणि रेवताबाईचा वाटाही. भूपेशनं पैसे घेतले नाहीत. आता तो आमचा फोनही घेत नाही. पण मी सांगतो, त्या दिवशी हा तलाव वाचला तो रेवताबाईच्या एका 'हाव'नं.

"खोटं, भय्याजी."

इथंच जाळं सांधत बसलेली रेवताबाई मान वर न करता बोलली.

"सांगताच आहा तं खरं सांगा. मी तोंडच नाही उघडलं. मी उंबऱ्यावर उभी होती. तो आवाज माह्या मागून आला."