मॅनेजरच्या मांडीवर कोण?

हे खरं घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

ज्यांच्यासोबत घडलं ते उमाशंकर माझे सख्खे मावसभाऊ. नळदुर्गजवळच्या एका साखर कारखान्यात ते फिटर होते. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, हंगाम संपत आलेला.

कामगारांच्या दोन युनियन होत्या. जुनीचा पुढारी ईरण्णा, म्हणजे उमाशंकरचा शाळेपासूनचा दोस्त. नवीचा पुढारी धोंडप्पा.

गेटजवळ जुन्या युनियनचा फळा होता. त्यावर उमाशंकर खडूनं व्यंगचित्रं काढायचे. शिफ्ट सुटली की माणसं आधी फळ्याकडं वळायची, मग घराकडं.

एक दिवस ईरण्णा म्हणाला, "धोंडप्पा मॅनेजरला सामील झालाय. पगारवाढ सोडून देनाराय."

"नक्की?"

"माझ्यावर भरोसा न्हाय व्हय तुझा?"

भरोसा होता.

उमाशंकरनी चित्र काढलं. खुर्चीत मॅनेजर, मांडीवर झबलं घातलेला धोंडप्पा, आणि मॅनेजर त्याला चमच्यानं साखर भरवतोय.

माणसं पोट धरून हसली. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर गेला. मग तीच मांडी, तेच झबलं, नवी नवी चित्रं.

कॅन्टीनमध्ये धोंडप्पाजवळ कुणी बसेना. त्याचीच माणसं त्याला टाळू लागली.

एकदा तो स्वतः फळ्यापाशी आला. बराच वेळ बघत राहिला.

"नाक बराबर काढलंस, उमाशंकर," तो म्हणाला. "पन ह्यो मी न्हाय."

उमाशंकरनी मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात धोंडप्पा कामावरच कोसळला. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेला.

धोंडप्पाच्या मातीहून आल्यावर उमाशंकर फळा पुसायला गेले. ऊन अजून होतं. लांबून सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. जवळ गेले...

चित्रात धोंडप्पा नव्हता.

मॅनेजर होता. खुर्ची होती. चमचा हवेत तसाच.

मांडी रिकामी.

कुणी पुसलं म्हणावं, तर पुसल्याचा डाग नाही.

त्यांनी मोबाईल काढला. महिन्यापूर्वीचा फोटो उघडला...

तिथंही मांडी रिकामी.

शेजारी माणिकप्पा उभा होता, त्यांच्याच खात्यातला. त्यानंही आपला मोबाईल बघितला. तो घाईनं खिशात घातला आणि निघून गेला.

उमाशंकरनी फळा स्वच्छ पुसला. युनियनच्या खोलीत नेऊन ठेवला. कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्या खोलीवरून चालले होते. आतून आवाज आला...

करकर... करकर...

फळ्यावर खडू चालत होता.

त्यांनी कुलूप काढलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. खडूची भुकटी मात्र अजून हवेतून खाली येत होती.

फळ्यावर तोच मॅनेजर. मांडीवर, झबलं घालून...

ईरण्णा.

रेघ उमाशंकरचीच होती. कानाचं ते वळण दुसरं कुणी काढत नाही.

त्यांनी ईरण्णाला बोलावून घेतलं. तो दारातच थबकला. चित्र कुणी काढलं, असं त्यानं विचारलंच नाही.

एवढंच विचारलं, "तुला कुनी सांगितलं?"

उमाशंकर त्याच्याकडं वळले. "म्हंजे खरं हाय?"

"मॅनेजरसंगं करार झालाय. आता बोलून उपेग न्हाय."

"आन् धोंडप्पा?"

ईरण्णानं नजर फिरवली. "मी नुसतं बोललो. चित्रं तू काढलीस."

शाळेपासूनचा दोस्त. त्यानंतर दोघं कधी बोलले नाहीत.

उमाशंकर चार दिवसांनी धोंडप्पाच्या घरी गेले. त्याची बायको शांतम्मा ओसरीवर बसली होती. उमाशंकरनी सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला. मग दाराकडं बघून डोळ्यांवर हात धरला. समोरून ऊन येत होतं.

"तुमच्या संगं आलेत, त्यांनाबी आत बोलवा की," ती म्हणाली. "कवापासनं भाईरच हुभे हायत."

उमाशंकर एकटेच आले होते.

त्यांनी वळून बघितलं...

रस्त्यावर कुणीच नव्हतं.

त्यांनी नोकरी सोडली. आता माझ्याकडं येतात, बसतात, चहा घेतात. पण आत आल्यावर आधी माझ्या डोळ्यांकडं बघतात. माझी नजर त्यांच्या मागं कुठं जाते, ते बघतात.

मी मुद्दाम खाली बघतो. अजून दाराकडं बघायचं धाडस माझं झालेलं नाही.